जॉन लिन्सली हूड यांची आठवण: दहा वॅटचा 'क्लास ए' कोणी कोणी बांधलाय?

तांब्याची तार

परवा माझ्या ॲम्प्लिफायरचे कपॅसिटर बदलायला घेतले. १९९१ साली बांधलेला, म्हणजे कपॅसिटरांनी चाकरी भरपूर केली. झाकण काढलं तर आतल्या बाजूला वहीचं पान चिकटवलेलं. मीच पेन्सिलीने काढलेली सर्किटची आकृती आणि खाली कोपऱ्यात, 'जे. एल. लिन्सली हूड, वायरलेस वर्ल्ड, एप्रिल १९६९'. म्हणजे सर्किट करणाऱ्याचं नाव आणि ते ज्या इंग्रजी मासिकात छापून आलं त्याचा अंक.

हूड २००४ साली गेले. मला ते कळलं दोन-तीन वर्षं उलटल्यावर, आणि तेव्हा ज्याच्याशी बोलावं असं जवळ कोणी नव्हतं. घरी नाव ठाऊक नाही, कचेरीत तर प्रश्नच नाही. ते राहून गेलेलं आज इथे लिहितोय. आपल्यात झाळकाम करणारे बरेच आहेत, त्यांना हे नाव परकं नसणार.

जन्म १९२५चा, इंग्लंडातला. लष्करी सेवेत रडार मेकॅनिक होते, मग रेडिंग विद्यापीठात शिकले, मग कंब्रियात सेलाफील्डच्या अणुऊर्जा खात्याच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत नोकरी. त्यानंतर जवळजवळ पंचवीस वर्षं ब्रिटिश सेलोफेन या कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक्स संशोधन प्रयोगशाळेचे प्रमुख. तिथे काम कसलं, तर सेलोफेनची रुंदी मोजायची गेजं, ओलावा मोजायची यंत्रं. ॲम्प्लिफायरचा त्या नोकरीशी काही संबंध नाही. ती घरची हौस. आणि या हौसेतून त्यांनी जे जे केलं ते मासिकांत छापायला दिलं, अगदी रेझिस्टरच्या किमतीसकट.

१९६९च्या सुमाराची गोष्ट डोळ्यांपुढे आणा. व्हॉल्व्हचे ॲम्प जाऊन ट्रान्झिस्टरचे येत होते आणि ज्यांचे कान तयार होते ते नाराज होते. आकडे चांगले, आवाज कोरडा. कारण जुन्यांना माहीत आहे, नवीन मंडळींसाठी सांगतो. लाकूड कापायचा लांब आरा दोघं मिळून ओढतात, तसे ॲम्पमधले दोन आउटपुट ट्रान्झिस्टर मिळून स्पीकर चालवतात. क्लास बी मध्ये एक ओढत असताना दुसरा मूठ सोडून उभा असतो, पाळी आली की पुन्हा धरतो. त्या सोडण्या-धरण्याच्या क्षणी आरा हिसका खातो. ध्वनीच्या लहरीत हा क्षण येतो बरोबर शून्यापाशी. म्हणजे आवाज मोठा असताना हिसका झाकला जातो आणि हळू आवाजात उघडा पडतो. तानपुऱ्याची जवारी विरत जाते ती तिथेच. मींड संपताना गळ्यात जे उरतं तेही तिथेच. क्लास ए मध्ये दोघांपैकी कोणीच मूठ सोडत नाही. त्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते.

हूड यांनी हे चार ट्रान्झिस्टरांत बसवलं. चार! आउटपुटला दोन, त्यांना चालवणारा एक, आणि सुरुवातीला एक छोटा, उलट्या जातीचा, पीएनपी. तो मधला ट्रान्झिस्टर कलेक्टर या पायातून वरच्या आउटपुटला चालवतो आणि एमिटर या पायातून खालच्याला. त्यामुळे एकाचा करंट जेवढा वाढतो तेवढाच दुसऱ्याचा आपोआप उतरतो. दोन्ही आउटपुट ट्रान्झिस्टर एकाच जातीचे, एनपीएन. त्या काळात सिलिकॉनचे पीएनपी पॉवर ट्रान्झिस्टर महाग होते आणि सहज मिळत नव्हते. ८ ओमच्या स्पीकरला २७ व्होल्ट, १.२ अँपिअर, दहा वॅट. तुलनेसाठी त्यांनी समोर ठेवला विल्यमसनचा १९४७चा व्हॉल्व्ह ॲम्प, म्हणजे त्या काळची सोन्याची कसोटीच.

मला सगळ्यात आवडतो तो लेखातला छोटा तक्ता. ३, ८ आणि १५ ओम, ज्याच्याकडे जो स्पीकर असेल त्याने त्याप्रमाणे बांधावं. ३ ओमला १७ व्होल्ट २ अँपिअर, ८ ओमला २७ व्होल्ट १.२ अँपिअर, १५ ओमला ३६ व्होल्ट ०.८५ अँपिअर. गुणाकार करून बघा. ३४, ३२, ३१ वॅट. स्पीकर कुठलाही असो, उष्णता तेवढीच, म्हणजे ती बाहेर टाकणारा धातूचा हीटसिंकही तोच चालतो. वाचणाऱ्याच्या खिशात काय असेल, त्याच्या घरी कुठला स्पीकर पडलेला असेल, याचा विचार करून लिहिणारा माणूस होता हा.

माझा ॲम्प पुण्यात झाला, हॉस्टेलच्या खोलीत. लेखाची झेरॉक्स एका सीनियरकडून मिळाली, ती त्याच्याही आधीच्या कोणाची तरी, आकडे पुसट झालेले. पासोड्या विठोबाच्या गल्लीतून ट्रान्झिस्टर आणि रेझिस्टर, जुन्या बाजारातून वजनावर हीटसिंक, ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला. पहिल्याच दिवशी एक आउटपुट ट्रान्झिस्टर गेला. हीटसिंकला भोक पाडल्यावर कडेला धातूची कुसळ राहिली होती, नखाएवढीसुद्धा नाही. तिने करंट अडवणारा अभ्रकाचा वॉशर भोसकला आणि ट्रान्झिस्टरची टोपी सरळ हीटसिंकला लागली. तेव्हापासून आजतागायत भोक पाडलं की मोठ्या ड्रिलचं टोक हाताने दोन वेळा फिरवतो आणि डोळे मिटून बोट फिरवून बघतो. डोळ्यांना जे दिसत नाही ते बोटाला लागतं.

दुसऱ्या रविवारी तो चालला. अर्धा तास तापू दिला. मग मल्लिकार्जुन मन्सूरांची कॅसेट लावली. सूर लागायच्या आधी तानपुरे ऐकू आले, आणि दोन तानपुरे आहेत हे मला त्या कॅसेटमध्ये पहिल्यांदा कळलं. शेजारच्या खोलीतले दोघं येऊन दारात उभे राहिले. कोणी काही बोललं नाही, बाजू संपेपर्यंत तसेच उभे होते.

हूडसाहेबांना पत्र लिहावं असं तेव्हा अनेकदा मनात आलं. मासिकाच्या पत्त्यावर पाठवलं असतं तर पोचलंही असतं. लिहिलं नाही. ज्यांनी ज्यांनी त्यांचं काही बांधलंय त्यांनी इथे लिहा. सर्किट कुठून मिळालं, काय जळलं, काय ऐकलं, सगळं.

चाळीतला रेडिओ

ते गेल्याचं मला आत्ता, तुमच्या धाग्यावरून कळलं. त्यांचा प्रीॲम्प (मुख्य ॲम्पच्या आधी बसतो तो छोटा) १९८०च्या आसपास बांधला होता, तेव्हा गिरगावात राहत होतो. वाकून नमस्कार त्यांना.

शून्य व्होल्ट

तार, सुंदर लिहिलंय. एक दुरुस्ती आणि थोडी भर.

आपल्याकडे सगळे आउटपुटला २एन३०५५ हा ट्रान्झिस्टर लावतात, त्यामुळे मूळ लेखातही तेच होते असा समज आहे. मूळ सर्किटमध्ये आउटपुटला एमजे४८० होते. ते जास्त वेगाने काम करतात. जुना २एन३०५५ त्या मानाने मंद, उंच पट्टीत थकतो. पण आपल्या देशात व्होल्टेज स्टॅबिलायझरपासून गणपतीच्या मांडवातल्या ॲम्पपर्यंत सगळीकडे तोच, त्यामुळे तो कुठल्याही गावात मिळायचा, आणि ज्याच्या हाताला जे लागलं त्याने ते लावलं. सर्किट एवढं सहनशील की त्यातही चांगलंच वाजतं.

एकेरी सप्लाय (एकच व्होल्टेज आणि जमीन) असल्यामुळे हा ॲम्प सप्लायमधली गुणगुण थेट स्पीकरपर्यंत नेतो. १.२ अँपिअर सतत ओढला जातोय, नुसत्या ब्रिज आणि कपॅसिटरवर भागत नाही. रेग्युलेटर तरी लावा नाहीतर कपॅसिटन्स मल्टिप्लायर तरी. ज्यांनी 'क्लास ए मध्ये हम येतो' म्हणून बाजूला ठेवलाय त्यांच्यापैकी निम्म्यांचा सप्लाय कच्चा आहे.

आणखी एक. हूड १९६९ला लिहून मोकळे झाले नाहीत. १९९६ साली, सत्तावीस वर्षांनी, त्याच मासिकात त्यांनी या सर्किटाची नवी आवृत्ती दिली. दुहेरी सप्लाय (एक अधिक, एक उणे), आउटपुटचा मोठा कपॅसिटर काढून टाकलेला. सत्तरी ओलांडलेला माणूस आपल्या चाळिशीतल्या कामाकडे परत येतो आणि म्हणतो की हे आता असं करता येईल. मला त्याचं फार कौतुक वाटतं.

अमेरिकेतल्या नेल्सन पास यांनी पुढे याच रचनेवर एक ॲम्प केला आणि त्याला नाव दिलं 'पीएलएच'. पी त्यांचा, एलएच लिन्सली हूडचा. व्यावसायिक ॲम्प बनवण्यात ज्याचं आयुष्य गेलं अशा माणसाने हौशी माणसाचं नाव आपल्या नावाला जोडावं, यापरता मान कुठला?

डोंबिवली पूर्व

मी इलेक्ट्रॉनिक्समधली नाही, पण हे वाचून राहवलं नाही. हा ॲम्प आमच्या घरात होता. बाबांनी १९७८ मध्ये केला. आम्हा मुलींना तो 'दहा वॅट' याच नावाने माहीत. 'दहा वॅट बंद कर ग' असं आई म्हणायची.

बाबा गिरणीत इलेक्ट्रिक खात्यात होते. सुट्टीच्या दिवशी लॅमिंग्टन रोडला जायचे आणि खाकी पाकिटातून चार-चार सुटे भाग आणायचे, एका पगाराला जेवढे बसतील तेवढे. आठ महिने लागले. त्याची पेटी त्यांनी सागवानी दाराच्या फळीतून केली होती आणि मागे उभे काळे पंखे, म्हणजे तुम्ही म्हणता ते हीटसिंक. आमचं घर तळमजल्यावर, पावसाळ्यात भिंतींना ओल यायची. आई काड्यापेटी आणि मिठाची बरणी त्या पेटीवर ठेवायची. मीठ कधी पाझरलं नाही. संध्याकाळी आकाशवाणी लागलं की बाबा आधी येऊन काड्यापेटी बाजूला करायचे, मग खुर्ची ओढायचे.

बाबा जाऊन अकरा वर्षं झाली. पेटी धाकट्या बहिणीकडे आहे, चालू नाही. तिच्यात असं पान चिकटवलेलं आहे का ते या आठवड्यात बघायला सांगते. इतकी वर्षं मला वाटत होतं की ते सर्किट बाबांनीच शोधून काढलं. आज त्या माणसाचं नाव कळलं.

तांब्याची तार

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पेटी चालू करायची असेल तर थेट प्लग लावू नका. इतक्या वर्षांत कपॅसिटर मेलेले असणार, फुटूही शकतात. तुम्ही कुठे आहात ते व्यक्तिगत निरोपात कळवा. मुंबई-ठाण्याच्या बाजूला असाल तर मी स्वतः येऊन बघतो. भाग फारसे बदलावे लागणार नाहीत.

मोजपट्टी

हूड यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून वेगळं मत मांडतो. आठवण काढताना खरं ते सगळं यावं.

या ॲम्पची विकृती, म्हणजे मूळ ध्वनीत त्याने केलेला बिघाड, ०.०५ टक्क्याच्या घरात. १९६९ला हा आकडा उत्तम होता. पण १९९३-९४ मध्ये डग्लस सेल्फ या ब्रिटिश ॲम्प-रचनाकाराने त्याच मासिकात लेखमाला लिहून दाखवून दिलं की क्लास बी नीट केला, प्रत्येक विकृतीचं मूळ शोधून एकेक बंद केली, तर आकडा टक्क्याच्या हजाराव्या भागापर्यंत खाली येतो, आणि तोही गार हीटसिंकवर. आज एखादी चिपही त्याच्या जवळपास जाते. तेव्हा 'क्लास ए म्हणजेच शुद्ध' हे आता खरं नाही. दहा वॅटसाठी दोन्ही चॅनेल मिळून ६५ वॅट फक्त ट्रान्झिस्टरांत जळतात, सप्लायचं नुकसान धरून भिंतीतून नव्वद-शंभर. गाणं चालू असो की बंद, वीज तेवढीच. रोज तीन तास लावलात तर महिन्याला नऊ युनिट. मे महिन्यात बंद खोलीत शंभर वॅटची शेगडी हवी कोणाला?

मीही हा बांधलाय, २००२ मध्ये. आवाज गोड आहे हे मान्य. तो गोडवा बराचसा दुसऱ्या हार्मोनिकचा, म्हणजे ॲम्पने स्वतः मिसळलेल्या वरच्या सप्तकातल्या त्याच सुराचा, आहे असं माझं मत. कानाला ते आवडतं. पण आवडणं वेगळं, जसंच्या तसं असणं वेगळं.

शून्य व्होल्ट

आकडे बरोबर आहेत, वाद नाही. फक्त एवढंच की सेल्फ यांच्या रचनेत किती ट्रान्झिस्टर आहेत ते मोजा, आणि पहिल्यांदा सोल्डरिंग आयर्न धरलेल्या मुलाला ती द्या. कुठे चुकलं हे शोधायलाच त्याचं वर्ष जाईल. चार ट्रान्झिस्टरांत चूक लपायला जागाच नसते. मी आजवर सात जणांकडून हा करून घेतला, सातही चालले.

मोजपट्टी

हे मात्र शंभर टक्के मान्य. माझाही पहिला चाललेला ॲम्प हाच. त्याच्या आधीचे दोन चालले नव्हते.

टॉन्टनचा पाऊस

मी सहा वर्षं सॉमरसेटमध्ये होतो, नोकरीनिमित्त. ब्रिजवॉटर आमच्या गावापासून दहा-बारा मैल. ब्रिटिश सेलोफेनचा कारखाना तिथलाच.

ब्रिजवॉटरचं नाव काढलं की तिथली जुनी माणसं आधी वासाबद्दल बोलतात. सेलोफेन करताना गंधकाची संयुगं वापरतात, त्याचा सडक्या अंड्यासारखा वास साऱ्या गावावर पसरायचा. मोटरवेवरून जाणारेसुद्धा काचा वर करायचे म्हणे. पण कारखान्याबद्दल बोलताना त्यांचा स्वर मायेचा असतो, कारण १९३७ पासून निम्म्या गावाची चूल त्यावर पेटली. २००५ मध्ये तो बंद झाला, हूड गेल्यानंतर वर्षभराने. मी गेलो तेव्हा इमारती पाडून झालेल्या होत्या, नुसती कुंपणाआडची मोकळी जागा. नंतर ती हिंकली पॉइंटच्या नव्या अणुवीज केंद्राच्या कामगारांच्या वसतीसाठी गेली.

एकदा मुद्दाम गाडी थांबवून त्या कुंपणापाशी उभा राहिलो होतो. मला ओलावा मोजायच्या त्या यंत्रांचा विचार करावासा वाटला. सेलोफेन फार कोरडं पडलं की तडकतं, ओलं राहिलं की चिकटतं. दिवसभर हा माणूस पारदर्शक पापुद्र्यातलं पाणी मोजायचा आणि संध्याकाळी घरी बसून असा ॲम्प लिहायचा जो डोंबिवलीच्या घरात मीठ कोरडं ठेवणार होता. वर ताईंचं वाचलं आणि एकदम हे जुळलं.

बास ट्रेबल

हूडसाहेबांबरोबर त्यांच्या त्या सगळ्या परंपरेलाच नमस्कार करायला हवा. 'वायरलेस वर्ल्ड' हे मासिकच अजब होतं. कृत्रिम उपग्रह पृथ्वीबरोबर फिरता ठेवून त्यावरून संदेश पाठवता येतील हा आर्थर क्लार्क यांचा लेख त्यातच आला, ऑक्टोबर १९४५ला. विल्यमसनचा ॲम्प त्यातलाच. आणि ऑक्टोबर १९५२मध्ये पीटर बॅक्सांडॉल यांनी टोन कंट्रोलचं सर्किट त्यात दिलं. दोन पोटेन्शिओमीटर, एक बासचा, एक ट्रेबलचा, फीडबॅकमध्ये बसवलेले. बॅक्सांडॉल सरकारी रडार संशोधन संस्थेत नोकरीला होते, ऑडिओ ही त्यांचीही हौस. आपल्याकडच्या लाखो टेपरेकॉर्डरांवर, रिक्षातल्या प्लेअरवर, कीर्तनाच्या साउंड सिस्टिमवर जी दोन बटणं आहेत ती त्याच जातीची. ज्याने फिरवली त्याला नाव माहीत नाही. बॅक्सांडॉल १९९५मध्ये गेले.

ही माणसं एकमेकांचं वाचायची, पत्रव्यवहाराच्या पानावर भांडायची आणि पुढच्या लेखात आधीच्याचं ऋण नोंदवायची. मी ती पानं लेखांच्या आधी वाचायचो.

हूड यांचं पुढचं काम इथे अजून कोणी सांगितलं नाही म्हणून सांगतो. सत्तरच्या दशकात 'हाय-फाय न्यूज'मध्ये त्यांचा ७५ वॅटचा ॲम्प आला, त्याची किटं तिकडे पॉवरट्रान कंपनी विकायची. १९७६मध्ये 'वायरलेस वर्ल्ड'मध्ये कॅसेट डेक. अख्खा कॅसेट डेक, घरी बांधायचा! नंतर मॉस्फेट या वेगळ्या जातीच्या ट्रान्झिस्टरचे ॲम्प, एफएम ट्यूनर, विकृती मोजायची उपकरणं. मोजपट्टी यांना हे शेवटचं आवडेल: ऐकण्यावर भर देणाऱ्या या माणसाने मोजण्याची साधनंही लोकांना बांधायला दिली.

मोजपट्टी

आवडलं. त्यातलं एक माझ्या टेबलावर आहे.

कंदी पेढा

सगळे थोर आहात. मी सातारचा, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. महिनाभर हा धागा गुपचूप वाचतोय आणि एक चॅनेल बांधलाय, पण अडकलोय. मदत हवी.

२७ व्होल्टचा सप्लाय, आउटपुटला २एन३०५५. दोन आउटपुट ट्रान्झिस्टरांच्या मध्यबिंदूवर निम्मे म्हणजे साडेतेरा व्होल्ट यायला पाहिजेत. माझ्याकडे सहाच्या आसपास येतात आणि ते जुळवायचा छोटा स्क्रू, प्रीसेट, कितीही फिरवला तरी हलत नाहीत. आउटपुटचे ट्रान्झिस्टर बनावट निघाले असतील का? एका दुकानातून स्वस्त मिळाले होते.

शून्य व्होल्ट

आधी सांग, जास्त करंट अडवायला सिरीजमध्ये बल्ब लावून चालू केलास ना? आणि ॲम्प चालू असताना हीटसिंक गरम होतोय का थंडच आहे?

बनावट असू शकतात, बाजारात भरपूर आहेत. खऱ्याच्या टोपीचं लोखंड जाड असतं, हातात वजन लागतं, छापलेली अक्षरं नखाने खरवडून जात नाहीत. पण बनावट ट्रान्झिस्टर बहुधा गरम झाल्यावर मरतो, मध्यबिंदू असा अडकवून ठेवत नाही. दोष पुढे आहे. सुरुवातीचा पीएनपी कुठला लावलायस?

कंदी पेढा

सिरीज बल्ब आहे, मंद पेटतो. हीटसिंक कोमट.

लेखात २एन३९०६ आहे, तो इथे मिळाला नाही. दुकानदार म्हणाला बीसी५५७ चालतो, तोच लावला. बोर्डवर २एन३९०६चं चित्र होतं, त्याप्रमाणे चपटी बाजू जुळवून बसवला.

शून्य व्होल्ट

सापडलं. बीसी५५७ चालतो, दुकानदार बरोबर बोलला. पण पाय उलटे आहेत. चपटी बाजू आपल्याकडे धरून डावीकडून मोजलं तर २एन३९०६ला एमिटर, बेस, कलेक्टर. बीसी५५७ला कलेक्टर, बेस, एमिटर. तुझा ट्रान्झिस्टर उलट्या तोंडाने बसलाय. बेस-एमिटरचं जंक्शन उलट्या दिशेने सहा-सात व्होल्टला फुटून वाहायला लागतं, ते मधल्या ट्रान्झिस्टरला उघडतं आणि खालचा आउटपुट सगळं खाली ओढतो. म्हणून प्रीसेटचं कोणी ऐकत नाही.

हा काढ, परत वापरू नकोस, असं जंक्शन उलटं फुटलेल्या ट्रान्झिस्टरचा गेन, म्हणजे सिग्नल वाढवायची ताकद, पडतो. नवीन घे आणि अर्धा वळसा देऊन बसव. चालू करण्याआधी प्रीसेट मधोमध आण.

तांब्याची तार

आणि पेढ्या, डाग देताना पाय कापायची घाई करू नकोस. थोडे लांब ठेव, पहिल्या दिवशी हे काढा-घालायचं होतच असतं. हीटसिंकबद्दल विचारतो: किती मोठा घेतलायस? एका चॅनेलला ३२ वॅट उष्णता आहे. प्रत्येक वॅटला एक अंश चढणारा हीटसिंक असेल तर खोलीत ३५ असताना तो ६७ला जाईल. बोट तीन सेकंदांपेक्षा जास्त ठेवता येणार नाही. सातारला उन्हाळ्यात चालवायचा असेल तर त्याच्या दीडपट घे. आणि हीटसिंकची पाती उभी ठेव, आडवी नकोत. गरम हवेला वर जायची वाट हवी.

प्रीॲम्पची घाई नाही. याचा गेन सुमारे १३ पट आहे. ८ ओमवर पूर्ण दहा वॅट काढायला ०.७ व्होल्टच्या आत सिग्नल पुरतो. फोनची हेडफोनची पिन सरळ लावलीस तरी ऐकण्यापुरतं भरपूर वाजेल.

डोंबिवली पूर्व

बहिणीने पेटी उघडली. पान नाही. पण झाकणाच्या आत खडूने नाही, रंगाने लिहिलंय, बाबांच्या अक्षरात: 'लि. हू. १९६९', खाली '२६.८ व्हो. / १.१५ अँ.' आणि त्याखाली तारीख, १९ ऑगस्ट १९७८. मी तेव्हा चार वर्षांची होते.

तार, तुम्हाला निरोप पाठवलाय. ठाण्यातच आहे.

तांब्याची तार

निरोप मिळाला ताई. येत्या शनिवारी सकाळी येतो. ते २६.८ आणि १.१५ म्हणजे बाबांनी शेवटी मोजून लिहिलेले आकडे आहेत. लेखातले २७ आणि १.२. म्हणजे फारच नीट जमवलं होतं त्यांनी. मी दुरुस्त करून तिथेच आणायचा प्रयत्न करेन, २७ वर नाही नेणार.

चाळीतला रेडिओ

शनिवारी मीही आलो तर चालेल का? हातात हात द्यायला एक माणूस लागतोच, आणि माझ्याकडे जुने नवेकोरे कपॅसिटर पडून आहेत.

डोंबिवली पूर्व

या ना. जेवूनच जा दोघंही.

कंदी पेढा

बीसी५५७ बदलला. पहिल्या फटक्यात १२.९ आले, प्रीसेट फिरवून १३.५ केले. बल्ब काढला. अर्धा तास झाला, करंट १.१८ वर स्थिर. हीटसिंकला बोट चार सेकंद ठेवता येतं.

स्पीकर एकच आहे, कॉलेजच्या भंगारातला. फोन लावला. आजी आतून येऊन बसलीय. तिला कुमार गंधर्वांचं निर्गुणी भजन हवं होतं, ते चालू आहे, म्हणून जास्त लिहीत नाही. दुसऱ्या चॅनेलचे भाग रविवारी पुण्याहून आणतो.